लागण, मुक्काम, खोडवा

प्रयोगशाळेच्या खिडकीशी उजेडाकडे तोंड करून मी दोन प्लेट्स हातात धरल्या होत्या. मेंढीचं रक्त घातलेला तांबडा अगार, आदल्या दुपारी त्यावर घशातला स्वॅब आडव्या रेषांनी फिरवलेला, मग रात्रभर ३७ अंशांवर ठेवलेला. सकाळी दोन्हींवर टाचणीच्या टोकाएवढे राखाडी ठिपके उगवले होते. प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त विरघळून स्वच्छ खळं पडलं होतं, पावसाळ्याच्या तोंडावर चंद्राला पडतं तसं. बॅसिट्रॅसिन या प्रतिजैविकाच्या चकतीभोवतीही दोन्हींकडे सारखीच मोकळी जागा. नावाच्या पट्ट्या काढून घेतल्या असत्या तर कोणती प्लेट कोणाची, हे मलाही सांगता आलं नसतं.

एक प्लेट नऊ वर्षांच्या मुलीची होती. १०२ ताप, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी, दोन्ही टॉन्सिलवर पांढरट पू आणि जबड्याखाली हात लावू देत नव्हती अशा गाठी. दुसरी तिच्या थोरल्या भावाची. त्याला काही म्हणजे काही होत नव्हतं. बहिणीचा घसा वर्षात तिसऱ्यांदा धरला म्हणून डॉक्टरांनी घरातल्यांचेही स्वॅब मागवले होते, आणि हा मैदानावरून परस्पर आला होता, बॅट काखोटीला मारून.

रिपोर्ट घ्यायला आई आली. दोन्ही कागदांवर एकाच जंतूचं नाव बघून म्हणाली, "मॅडम, जंतू दोघांच्याही घशात, मग ताप हिलाच का?"

"मुलगा नुसता वाहक आहे," मी म्हटलं.

आपल्याकडे वाहक म्हटलं की एस.टी.चा कंडक्टर डोळ्यांसमोर येतो. तो तिकीट फाडतो, उतारूला ठरल्या थांब्यावर उतरवतो. आमच्या शास्त्रातला वाहक बिचारा उतारूंना ओळखतही नाही. विनातिकीट चढलेले जंतू महिनोन् महिने त्याच्या घशात बसून असतात. हे मी तिला सांगितलं. ती ऊसपट्ट्यातली. क्षणभर विचार करून म्हणाली, "म्हणजे बेणं आलंय, पण लागण झाली नाही, असंच ना?"

"जवळजवळ तसंच," मी म्हटलं. त्या 'जवळजवळ'मध्ये जे राहून गेलं, ते सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. पुस्तकाच्या तीन भागांपैकी दोन भागांची नावंही तिच्याच शेतातून घेतली आहेत.

'लागण' हा शब्द आपण रोज वापरतो. तापाची लागण, साथीची लागण. शब्द आला 'लागणे'वरून, म्हणजे स्पर्श होणं, चिकटणं. ऊस लावण्यालाही आपण लागणच म्हणतो. मराठीनं अशी चिकटण्याची आणि आजाराची एकच मोट बांधून टाकली, आणि आपणही जंतू चिकटला की माणूस आजारी पडला असं धरून चालतो. वैद्यकशास्त्रही बराच काळ असंच धरून चाललं होतं. या विषयातली गेल्या पन्नास-साठ वर्षांची मेहनत एका वाक्यात सांगायची तर ती मोट सोडवण्याची मेहनत आहे. चिकटणं वेगळं, वस्ती करणं वेगळं, आत शिरणं वेगळं आणि रोग होणं वेगळं. चारही पायऱ्या एकाच जिन्याच्या आहेत, पण प्रत्येक जंतू प्रत्येक घशात तो जिना शेवटपर्यंत चढत नाही.

मुळात घसा ही राहायला फार अवघड जागा आहे. मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण लिटरभर लाळ तयार होते आणि ती सारखी पोटाकडे वाहत असते. प्रत्येक घोट म्हणजे एक लोंढा. त्याच्या शेवटी जठरातलं आम्ल. शिवाय घशाच्या आतल्या अस्तराच्या पेशी, ज्यांना शाळेच्या पुस्तकात आपण अभिस्तर ऊती म्हणून शिकलो, त्या सतत सुट्या होऊन गळत असतात. त्यांना धरून बसलेला जंतूही त्यांच्याबरोबर जातो. लाळेच्या एका थेंबात लाखो जिवाणू सापडतात. त्यांतले बरेचसे असे वाहून निघालेले असतात. नदीच्या पुरात उभं राहायचं तर काहीतरी धरायला हवं. घशात राहणाऱ्या प्रत्येक जिवाणूला हा पहिला प्रश्न सोडवावाच लागतो.

बोस्टनच्या फोरसाइथ दंतसंस्थेत रोनाल्ड गिबन्स आणि योहानेस व्हॅन हूट यांनी १९७०च्या सुमारास या प्रश्नाकडे नीट पाहिलं. एकाच तोंडात, एकाच लाळेत भिजत असूनही जिभेवर एका जातीचे जिवाणू जास्त, दातांवर दुसऱ्या, गालाच्या आतल्या बाजूला तिसऱ्या, असं का? त्यांना दिसलं, की ज्या जागेवर जो जिवाणू जास्त घट्ट चिकटतो त्या जागेवर त्याची वस्ती दाट. स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस जिभेला चांगला चिकटतो आणि जिभेवरच बहुसंख्य असतो. आज ही गोष्ट साधी वाटते. पण तोवर जिवाणूंचा अभ्यास म्हणजे ते काय खातात, कसे वाढतात आणि कोणतं विष सोडतात याचा अभ्यास होता. ते धरून कसे राहतात, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हतं.

या पुस्तकाचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, तो स्ट्रेप्टोकॉकस पायोजीनस. व्हिएन्नाचे शल्यविशारद टेओडोर बिलरोथ यांनी १८७४ मध्ये जखमांच्या पुवात माळेसारखे ओवलेले गोल जंतू पाहिले आणि ग्रीक शब्द जोडून त्यांना नाव दिलं. 'स्ट्रेप्टोस' म्हणजे पीळ घातलेला, 'कोकोस' म्हणजे दाणा. १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी त्याला 'पायोजीनस', म्हणजे पू निर्माण करणारा, हे विशेषण लावलं. पण या कुळातला कोणता जंतू नेमका कोण, हा गोंधळ निस्तरला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये रेबेका लान्सफील्ड यांनी. १९३३ मध्ये त्यांनी स्ट्रेप्टोकॉकसचे अ, ब, क असे गट पाडले. माणसाच्या घशात आजार करणारा बहुतेक 'अ' गटातला, म्हणूनच आजही रिपोर्टवर 'ग्रुप ए' असं लिहून येतं. त्याआधीच, १९२८ मध्ये, त्यांनी या जंतूच्या अंगावरचं एक प्रथिन हेरलं होतं. त्याचं नाव एम प्रथिन. त्याच्या प्रकारांवरून आज या जंतूचे दोनशेहून अधिक उपप्रकार ओळखले जातात.

१९६९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे एम प्रथिन दिसलं तेव्हा जंतूच्या अंगभर बारीक लव उभी असल्यासारखं होतं. आश्विनात माळावरच्या वाळल्या गवतातून चालून आलं की पायजम्याला जी कुसळं लागतात, त्यांची आठवण यावी असं ते चित्र. मग साहजिकच वाटलं, की चिकटण्याचं हत्यार हेच. १९७२ मध्ये एलन आणि गिबन्स यांनी एम प्रथिन असलेले आणि नसलेले जंतू तोंडातल्या अस्तराच्या पेशींबरोबर मिसळून पाहिले. प्रथिन असलेले जास्त चिकटले. प्रश्न सुटला असं वाटलं.

तो सुटला नव्हता, आणि तो कसा उलगडत गेला हा माझ्या मते या विषयातला सगळ्यांत वाचनीय भाग आहे. टेनेसी राज्यातल्या मेंफिस शहरात एडविन बीची आणि इट्झॅक ओफेक हे दोघे काम करत होते. त्यांची पद्धत अगदी घरगुती म्हणावी अशी. गालाच्या आतून पेशी खरवडून काढायच्या, धुवायच्या, जंतूंबरोबर थोडा वेळ ठेवायच्या, न चिकटलेले जंतू धुऊन टाकायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीवर किती जंतू बसलेत ते मोजायचं. त्यांनी पेप्सिन वापरून जंतूवरचं एम प्रथिन कापून टाकलं. कुसळं गेली तरी जंतू चिकटतच राहिले. उरलेल्या लवेत लिपोटायकोइक आम्ल नावाचा एक लांब रेणू होता, एका टोकाला चरबीची शेपटी असलेला. तो आधीच पेशींवर लावून ठेवला, तर जंतूला बसायला जागाच मिळेना. १९७५-७६ मध्ये त्यांनी हे मांडलं. पुढे १९९१ मध्ये मायकेल कॅपरॉन आणि सहकाऱ्यांनी एम प्रथिनाचं जनुक बिघडवलेले जंतू टॉन्सिलच्या पेशींवर तपासले. एम प्रथिन असो वा नसो, चिकटण्यात फरक पडेना. प्रथिन असलेल्यांचे मात्र एकमेकांना धरून पुंजके होत होते. कुसळं कापडाला धरण्यापेक्षा एकमेकांत गुंतण्यासाठी जास्त उपयोगी होती!

यातून जे चित्र तयार झालं ते दोन टप्प्यांचं. जंतूचा पृष्ठभाग ऋणभारित, पेशीचाही ऋणभारित; सारखे भार एकमेकांना ढकलतात. या ढकलण्यावर मात करून जवळ जाण्याचं काम लिपोटायकोइक आम्लाची चरबीची शेपटी करते. ही पकड सैल असते, लाळेच्या एखाद्या लोंढ्यात सुटूही शकते. पण तेवढ्या वेळात दुसरी, घट्ट पकड बसते. आपल्या पेशींवर आणि पेशींच्या मध्ये फायब्रोनेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं. जखम भरताना पेशींना जागेवर धरून ठेवणं, हे त्याचं आपल्यासाठीचं काम. हा जंतू त्याच दोरीला धरतो. १९९२ मध्ये जेरुसलेमचे इमॅन्युएल हान्स्की आणि कॅपरॉन यांनी फायब्रोनेक्टिन पकडणारं प्रथिन एफ शोधलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या एका गटानंही तसंच प्रथिन वर्णन केलं. त्यानंतर यादी वाढतच गेली. जंतूच्या अंगावरचं हायलुरॉनिक आम्लाचं आवरण आपल्या पेशींवरच्या सीडी४४ या रेणूला धरतं. २००५ मध्ये इटलीतल्या सिएना इथल्या गटानं दाखवलं, की या जंतूला केसांसारखे लांब पिलीही असतात, आणि लान्सफील्ड यांनी वर्गीकरणासाठी वापरलेले 'टी' प्रतिजन म्हणजे हेच पिली. आज या जंतूची पकडण्याची साधनं डझनाहून जास्त मोजली जातात. एक कापलं तर दुसरं, दुसरं अडवलं तर तिसरं. चिकटणं रोखणारी लस किंवा औषध तयार करणं इतकं अवघड का, याचं एक कारण या यादीच्या लांबीत आहे.

आता जागेकडे वळू. टॉन्सिल म्हणजे पडजिभेच्या दोन बाजूंना, टाळूच्या दोन कमानींच्या खाचेत बसलेल्या गाठी. सुश्रुतानं टाळूच्या रोगांत 'तुंडिकेरी' नावाचा आजार सांगितला आहे. त्यात आजचे वैद्य सुजलेले टॉन्सिल पाहतात. शरीररचनेच्या दृष्टीनं ही गाठ म्हणजे जुन्या शहराच्या वेशीवरचा जकात नाका. नाकातोंडातून जे आत येतं त्याची इथे तपासणी होते आणि शरीराच्या संरक्षण यंत्रणेला त्याची वर्दी जाते. १८८४ मध्ये जर्मन शरीररचनातज्ज्ञ वाल्डेयर यांनी घशाभोवती अशा गाठींचं एक कडंच असल्याचं वर्णन केलं. तपासणी करायची तर माल थांबवावा लागतो, म्हणून प्रत्येक टॉन्सिलमध्ये १० ते ३० खोल, फाटे फुटलेल्या भेगा असतात. बाहेरच्या पृष्ठभागावर चपट्या पेशींचे एकावर एक थर आहेत. भेगांच्या तळाशी मात्र हे अस्तर विरळ होतं, जाळीसारखं, आणि त्या जाळीत लिम्फोसाइट पेशी येऊन बसलेल्या असतात. नाक्याला दार ठेवावंच लागतं आणि चोर त्याच दाराशी घुटमळतो. लाळेचा लोंढा या भेगांत पोचत नाही. बाहेर उभं राहायला जी धडपड करावी लागते ती इथे लागत नाही.

मग आपली बाजू काय करते? लाळेत आणि श्लेष्म्यात आयजीए नावाची प्रतिपिंडं असतात. ती जंतूच्या अंगाला लपेटून बसतात, त्याची पकडण्याची टोकं झाकतात आणि त्याला वाहून जायला लावतात. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो इथे लार्स-एरिक स्टेनफोर्स आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हा प्रश्न काचनळीतून काढून रुग्णाच्या घशात नेला. टॉन्सिलच्या पृष्ठभागावरून थेट घेतलेल्या पेशी, त्यांवर बसलेले जंतू आणि त्या जंतूंवरचा प्रतिपिंडांचा लेप त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आजारी माणसांचा आणि निरोग्यांचाही. गालाच्या पेशींवर जंतू मोजणं ही सुरुवात म्हणून ठीक होती. पण गाल म्हणजे टॉन्सिल नव्हे, आणि काचनळीत लाळ वाहत नसते.

दुसरी फळी शेजाऱ्यांची. निरोगी घशातल्या बऱ्याच जागा अल्फा स्ट्रेप्टोकॉकस या निरुपद्रवी कुळानं आधीच अडवलेल्या असतात. त्यांतले काही तर पायोजीनसला मारणारी द्रव्यंही सोडतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या क्रिस्टियान रूस यांनी वारंवार टॉन्सिल धरणाऱ्या रुग्णांना प्रतिजैविकं देऊन झाल्यावर अशा अल्फा जंतूंचा फवारा घशात मारून पाहिला, आणि त्यांच्यातलं दुखणं उलटण्याचं प्रमाण कमी झालं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात जॉन टॅग यांनी घशात मिळालेल्या सॅलिव्हेरियसच्या एका वाणावर असंच काम केलं. ही उपचारपद्धत अजून सर्वमान्य झालेली नाही. पण तिच्यातला विचार शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. पिकाला जागा धरू दिली तर तणाला कमी मिळते. म्हणूनच साध्या सर्दीच्या घशाला प्रतिजैविक देणं म्हणजे तण नसताना तणनाशक मारणं.

चिकटून झाल्यावर, वस्ती वाढल्यावर, रोगाचा भाग सुरू होतो. तिथे एम प्रथिनाचं खरं काम दिसतं. रक्तातल्या भक्षक पेशींना ते जंतू गिळू देत नाही. जंतूचं एक विकर भक्षक पेशींना बोलावणाऱ्या सी५ए या रासायनिक निरोपाचेच तुकडे करतं. स्ट्रेप्टोलायसिन पेशी फोडतं. प्लेटवरचं ते सुंदर खळं याच विषाची करणी. तरीही भक्षक पेशी येतातच, झुंबड करून येतात, आणि मरतात. मुलीच्या टॉन्सिलवर दिसलेला पांढरा थर बराचसा आपल्याच मेलेल्या सैनिकांचा होता. ताप, सूज, गिळताना होणाऱ्या वेदना यांतलं पुष्कळसं आपल्याच प्रतिकाराचं मोल असतं. वाहकात जंतू आहे, पण ही झुंज पेटलेली नाही. दोन प्लेट्स सारख्या दिसल्या, कारण प्लेटवर जंतू उगवतो. झुंज उगवत नाही.

आता वाहकाचं कोडं. शाळकरी मुलांत वाहक किती, याचा जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी मुलांपैकी सुमारे १२ टक्क्यांच्या घशात हा जंतू सापडतो. पन्नासच्या वर्गात सहा मुलं. त्याच आढाव्यानुसार घसा दुखतो म्हणून दवाखान्यात आलेल्या मुलांत हे प्रमाण सुमारे ३७ टक्के आहे. या दोन आकड्यांतून डॉक्टरांनी कायम लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट निघते. घसा विषाणूमुळे दुखत असेल आणि मूल मुळात वाहक असेल, तरी स्वॅबमध्ये जंतू सापडणारच. चोरी एकानं केली आणि पकडला गेला तो घटनास्थळी नेहमीच बसलेला दुसरा, असं तिथे होतं. त्या मुलीच्या आईला मी आधीच्या दोन वेळांबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, की त्या वेळी नाक गळत होतं, खोकला होता, आवाज बसला होता. नाक, खोकला आणि बसलेला आवाज ही विषाणूची चिन्हं. तिसऱ्या वेळचं दुखणं खरं स्ट्रेप्टोकॉकसचं. पहिली दोन बहुधा साध्या सर्दीची.

वाहकाच्या घशात जंतू टिकतो कसा, यावर एकच उत्तर नाही. एक उत्तर पेशीच्या आत आहे. ज्या प्रथिनानं फायब्रोनेक्टिनची दोरी पकडली, त्याच दोरीनं पेशी जंतूला आत ओढून घेते. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या टॉन्सिलच्या पेशींच्या आत हा जंतू दाखवला. १९९८ मध्ये इस्रायलमधल्या गटानं दाखवलं, की प्रतिजैविक घेऊनही ज्या वाहकांच्या घशातून जंतू जात नाही, त्यांच्या जंतूंत प्रथिन एफचं जनुक जास्त प्रमाणात असतं. पेनिसिलिन पेशीच्या आत नीट पोचत नाही, त्यामुळे आत लपलेला वाचतो. दुसरं उत्तर भेगांत आहे. सेंट लुईसच्या कोल आणि फॅडिस यांनी २००३ मध्ये टॉन्सिलच्या भेगांत जिवाणूंचे चिकट थर, ज्यांना बायोफिल्म म्हणतात, दाखवले. तिसरं उत्तर शेजाऱ्यांत. घशातले काही इतर जिवाणू पेनिसिलिन तोडणारं विकर सोडतात आणि त्या आडोशाला पायोजीनस तगतो. चौथं जंतूतच. बऱ्याच दिवसांच्या मुक्कामात तो आपलं एम प्रथिन आणि आवरण कमी करतो, हत्यारं म्यान करून राहतो.

आईला यातलं पहिलं उत्तर सांगितलं तेव्हा ती हसली. "म्हणजे खोडवाच की." ऊस तोडून नेला तरी जमिनीतल्या खोडाला पुन्हा कोंब फुटतात, ते पीक म्हणजे खोडवा. वारंवार होणाऱ्या टॉन्सिलच्या दुखण्याचं याहून नेमकं चित्र मला आजवर कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळालेलं नाही. पुस्तकाच्या तिसऱ्या भागाचं नाव तिथेच पक्कं झालं.

एवढ्या सूक्ष्म गोष्टीचा सामान्य वाचकाला उपयोग काय, असं कुणी विचारेल. उत्तर हृदयात आहे. या जंतूच्या काही प्रथिनांचं आपल्या हृदयातल्या प्रथिनांशी साम्य असतं. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांत आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. यालाच आमवाताचा ताप म्हणतात. सांधे बरे होतात. झडप मात्र जन्मभरासाठी आखडू शकते. भारतात ही व्याधी अजून संपलेली नाही. बाळंतपणात पहिल्यांदा दम लागून झडपेचा आजार कळलेल्या तरुण बायका आजही सरकारी रुग्णालयांत येतात. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेनं परवडणारी भारतीय बनावटीची हृदयझडप तयार केली, ती १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. तिच्या गरजेमागे मोठ्या प्रमाणात हाच घसा होता.

हे टाळता येतं, याचा पुरावा एका लष्करी तळावरून आला. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या वॉरन हवाई तळावर डेनी, वानामेकर, रॅमेलकॅम्प आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घसा धरलेल्या जवानांचे दोन गट केले, प्रत्येकी आठशेच्या आसपास. पेनिसिलिन न मिळालेल्या गटात १७ जणांना निश्चित आमवाताचा ताप आला, मिळालेल्या गटात दोघांना. घसा दुखू लागल्यापासून नवव्या दिवसापर्यंत पेनिसिलिन सुरू झालं तरी हे संरक्षण मिळतं. आणि इतक्या वर्षांनंतरही हा जंतू पेनिसिलिनला दाद देतो. त्याच तळावरचं दुसरं निरीक्षण चिकटण्याच्या दृष्टीनं तितकंच मोलाचं आहे. जवानांच्या घोंगड्यांत आणि बराकींच्या धुळीत वाळलेले जिवंत जंतू सापडले, प्लेटवर ते उगवलेही, पण त्यांच्यापासून कुणाला आजार झाला नाही. लागण झाली ती जवळजवळच्या खाटांवरून, ताज्या ओल्या थेंबांतून. जिवंत असणं पुरत नाही. धरण्याची ताकदही लागते.

म्हणून वाहकाला घाबरू नये. त्याला आमवाताचा ताप होण्याची भीती जवळजवळ नसते आणि तो इतरांना फारसं देतही नाही. घरात कुणाला पूर्वी आमवाताचा ताप येऊन गेला असेल, शाळेत साथ असेल, किंवा घरातल्या घरात जंतू एकाकडून दुसऱ्याकडे खेळत असेल, तर वाहकावर उपचार करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. एरवी नाही. टॉन्सिल काढण्याचंही तसंच. १९८४ मध्ये पिट्सबर्गच्या पॅराडाइज यांनी घातलेला दंडक बराच आजही पाळला जातो: वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा खरोखर घसा धरला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. 'खरोखर' हा शब्द महत्त्वाचा. सर्दीचे घसे त्यात मोजायचे नाहीत.

पुस्तकाविषयी थोडं. पहिला भाग 'लागण', म्हणजे पकड कशी बसते. दुसरा 'मुक्काम', म्हणजे वाहकाची कहाणी. तिसरा 'खोडवा', म्हणजे परत परत उलटणारं दुखणं आणि त्याचे उपाय. वैज्ञानिक संज्ञा शक्य तिथे शाळेच्या पुस्तकातल्या घेतल्या आहेत. जिथे मराठी संज्ञा मूळ शब्दापेक्षा अवघड होती तिथे डॉक्टर आणि रुग्ण जो शब्द बोलतात तोच ठेवला आहे. ज्यांना रेणूंमध्ये रस नाही त्यांनी थेट दुसरा भाग उघडला तरी चालेल. पालकांनी आणि शाळेच्या शिक्षकांनी तिसरा मात्र वगळू नये.

त्या मुलीला दहा दिवसांचं पेनिसिलिन मिळालं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तरी आईनं तिला दहाही दिवस औषध दिलं. भावाला डॉक्टरांनी काहीच दिलं नाही. वाचकांना एवढीच विनंती, की रिपोर्टवर जंतूचं नाव दिसलं की आधी मुलाकडे बघा, मग कागदाकडे. आणि ताप आहे, गिळता येत नाही, खोकला मात्र नाही, असं मूल समोर असेल तर नवव्या दिवसाची वाट बघू नका.